फोन रोज येतो, नोकरी येत नाही



मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपून आम्ही बाहेर चपला शोधत होतो, तेव्हा वस्तीतल्या एका ताईंनी आम्हाला बाजूला घेतले. "दादा, आमच्या पोरीशी जरा बोलता का? दोन महिने झाले, धड जेवत नाही. फोन वाजला की दचकते."

ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांचे यजमान महापालिकेच्या सफाई कामावर कंत्राटी होते, ते तीन वर्षांपूर्वी कालकथित झाले. मुलगी बी.कॉम. झालेली. त्या गल्लीतली पदवी घेणारी पहिली मुलगी. निकालाचे पेढे आम्हीही खाल्ले होते आणि "आता ताईंचे कष्ट सरले" असे बोलूनही गेलो होतो. आपण असे सहज बोलतो. पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये किती लांबीचा रस्ता असतो आणि त्या रस्त्यावर कोण कोण दबा धरून बसलेले असते, याचा विचार पेढा तोंडात असताना कोणी करीत नाही.

संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो. मुलगी आधी काही बोलेना. मग तिने मोबाईल आमच्या हाती दिला आणि म्हणाली, "काका, तुम्हीच बघा."

तिने नोकरीच्या दोन वेबसाईटवर आणि एका ॲपवर आपली माहिती भरली होती. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. एका दिवसात सतरा फोन आलेले आम्ही स्वतः मोजले. कोणी विमा विकण्याच्या कामाला बोलावतो, कोणी "नोकरीची हमी" असलेला सहा महिन्यांचा कोर्स गळ्यात मारू पाहतो, कोणी पत्ता न सांगता "उद्या सकाळी दहाला या, येताना मूळ कागद आणा" म्हणतो. नको म्हटले तर दुपारी त्याच ऑफिसातून दुसऱ्या नंबरवरून दुसरी मॅडम बोलते. त्या गर्दीत एक गोड आवाजाचा गृहस्थ आला. "मॅडम, अभिनंदन. तुमचं प्रोफाईल शॉर्टलिस्ट झालंय." एका बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये जागा, ठाण्यात काम, पगार बावीस हजार. दहा मिनिटे फोनवरच मुलाखत झाली. दुसऱ्या दिवशी ईमेलवर बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्र आले. मुलीने ते आईला वाचून दाखवले, आईने ते शेजारणीला दाखवले.

मग पैसे सुरू झाले. आधी नोंदणीचे १,९५० रुपये, "रुजू झाल्यावर परत मिळतील". चार दिवसांनी कागदपत्र तपासणीचे ३,५००. पुढे ट्रेनिंग किट आणि युनिफॉर्मचे ६,२००, तेही त्याच दिवशी दुपारी तीनच्या आत, कारण "तुमच्या मागे अकरा जण थांबलेत". हे शेवटचे पैसे ताईंनी महिला बचत गटातून उचलले. एकूण ११,६५० रुपये झाले. चौथ्यांदा मागणी आली तेव्हा मुलीने विचारले, "सर, ऑफिसला येऊन भरले तर चालतील का?" त्यावर तो गोड आवाज एकदम फिरला. "तुमच्यासारख्यांना संधी द्यायलाच नको," असे म्हणून त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही.

हे सगळे तिने आईला एकोणीस दिवसांनी सांगितले. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण तिच्या मनात रुतले होते ते वेगळेच. "काका, आई शिकलेली नाही, ती फसली असती तर समजलं असतं. मी शिकलेली आहे ना?" आणि गल्लीत कोणी तरी तिला ऐकू जाईल असे म्हटलेही होते, "एवढं शिकून काय उपयोग?"

वाचकांना आमची पहिली विनंती हीच आहे, की असे वाक्य कोणाच्या तोंडी आले तर त्याला तिथेच थांबवावे. फसवणारे लोक हा धंदा म्हणून करतात. रोज शंभर जणांशी बोलून त्यांची जीभ तयार झालेली असते. आपल्या मुलीने नोकरीसाठी आयुष्यात पहिल्यांदा फोन उचललेला असतो. इथे शिक्षण कमी पडले नाही. घरात या व्यवहाराची माहिती असणारे कोणी नव्हते. ज्यांच्या घरी काका बँकेत आणि मामा कंपनीत असतो त्यांची मुले एक फोन करून खात्री करून घेतात. आपल्याकडे तो फोन करायचा कोणाला?

सोमवारी आम्ही मायलेकींबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी विचारले, "स्वतःहूनच पाठवलेत ना पैसे?" पुष्कळ माणसे या प्रश्नाला शरमून परत फिरतात. आम्ही फिरलो नाही. फसवून पैसे घेणे हा गुन्हाच आहे. पूर्वी त्याला चारशेवीस म्हणत, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८ झाले आहे. पैसे फोनवरून गेलेले होते, म्हणून प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक मिळाला. १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोच क्रमांक घेतला. तिथे कळले की पैसे गेल्यापासून पहिल्या काही तासांत १९३० ला कळवले तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. आम्ही दोन महिन्यांनी गेलो होतो. हे लिहीत आहोत तोवर एक रुपयाही परत आलेला नाही. ते एकोणीस दिवस आणि त्यानंतरचे दिवस शरमेने खाल्ले. मुलगी आईला पहिल्याच रात्री बोलली असती तर निदान ६,२०० तरी वाचले असते, असे आम्हाला राहून राहून वाटते.

आपल्या माणसांच्या नोकरीत मधला माणूस काही आज आलेला नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामाला लागायचे तर जॉबरची मर्जी लागे. बायकांच्या खात्यात नायकीण असे. त्यांना दस्तुरी द्यावी लागे, कधी रोख, कधी पगारातून. त्यांच्याकडूनच कर्ज घ्यावे लागे. कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या जॉबर पद्धतीवर टीका केलेली आहे. आपल्या लोकांना तर दस्तुरी देऊनही विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यात विटाळ आडवा येई. जास्त पगाराचे खाते तेच. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. आमचे आजोबा सूतखात्यातच जन्मभर राहिले, ते काही त्यांना विणता येत नव्हते म्हणून नव्हे.

पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याखाली जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय निघाले, आणि युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी एम्प्लॉयमेंट एक्सचेंजची साखळी उभी राहिली. १९४८ मध्ये ती सर्वांना खुली झाली. माणूस आणि काम यांच्यामध्ये दलाल नको, सरकारी कचेरी असावी, तिथे नाव नोंदवायला पैसे पडू नयेत, हे त्यामागचे साधे सूत्र. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी मॅट्रिक झाल्याबरोबर एक्सचेंजचे कार्ड काढले आणि कॉलची वाट पाहिली. अनेकांना कॉल आलाच नाही हेही खरे. पण त्या रांगेत कोणी आमचा खिसा कापला नव्हता.

आज ती रांग मोबाईलमध्ये गेली आहे. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम निघाली, त्यानंतर अशा वेबसाईट आणि ॲप खूप निघाले. त्यांना आम्ही सरसकट नावे ठेवणार नाही. नागपूरच्या मुलाला पुण्याची जागा घरबसल्या कळते, ही सोय लहान नाही. फक्त या साईटचा संसार कसा चालतो ते समजून घेतले पाहिजे. त्यांचे मुख्य उत्पन्न कंपन्यांकडून आणि एजन्सींकडून येते. पैसे भरून त्यांना आपल्या मुलांच्या अर्जांच्या साठ्यात शोध घेता येतो. म्हणजे आपण जे बायोडाटा म्हणून भरतो, तो तिथे माल असतो. त्यात पत्ता, जन्मतारीख, आधार क्रमांक, वडिलांचे नाव, सगळे भरून ठेवले तर ते कोणाकोणाच्या टेबलावर जाईल याला हिशेब नाही. नाव, शिक्षण, येणारे काम, शहर आणि एक फोन नंबर एवढे पुरते. जमल्यास नोकरीसाठी वेगळे सिम कार्ड घ्यावे आणि नोकरी लागली की प्रोफाईल बंद करावे. ती सोय साईटवर असते, पण आपण ते करायचे विसरतो आणि मग दोन वर्षे फोन येत राहतात. "पैसे भरा, तुमचा अर्ज वर दिसेल" असाही फोन साईटकडूनच येतो. ती खरी सेवा असली तरी त्याने नोकरी मिळेल असे कोणी लिहून देत नाही. नव्याने पदवी घेतलेल्या मुलांनी त्यात पैसे घालू नयेत असे आमचे मत आहे.

आता एजन्सीवाले इतके मागे का लागतात? हे आम्हाला आमच्याच नात्यातल्या एका मुलाने समजावून सांगितले. तो अशाच एका एजन्सीत कामाला आहे. एजन्सी खरी आहे, ऑफिस आहे, पाटी आहे. आम्ही त्याला जरा रागानेच विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, मला शिव्या खायची हौस नाही. मला रोज ऐंशी फोन करायचे असतात. त्यातले दहा मुलाखतीला पाठवायचे. त्यातला एखादा रुजू झाला आणि तीन महिने टिकला, तर कंपनी आमच्या साहेबांना पैसे देते. टिकला नाही तर फुकटात दुसरा माणूस द्यावा लागतो."

"किती पैसे देते?"

"बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या पगाराचे ८.३३ टक्के. म्हणजे एका महिन्याचा पगार."

हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. बावीस हजारांच्या नोकरीवर माणूस बसवला तर खऱ्या एजन्सीला कंपनीकडून सुमारे बावीस हजार मिळतात. तिला उमेदवाराच्या १,९५० रुपयांची गरज नसते. जी एजन्सी आपल्या मुलाकडून "फाईल चार्ज" मागते, तिच्याकडे बहुधा कंपनीच नसते; तिचे गिऱ्हाईक म्हणजे आपला मुलगाच.

त्या मुलाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या त्या आम्हाला नव्या होत्या. एक म्हणजे, "आत्ताच हो म्हणा" असा धोशा ते का लावतात. तुम्ही भांडून दोन हजार पगार वाढवून घेतलात तर एजन्सीला एकदाच दोन हजार जास्त मिळतात. तुम्ही हातचे निसटलात तर काहीच मिळत नाही. म्हणून तुमचा पगार वाढण्यापेक्षा तुम्ही लवकर होकार देण्यात त्यांचा फायदा असतो. तो माणूस दुष्ट नसतो, पण तो आपला वकीलही नसतो. दुसरी गोष्ट, एकाच कंपनीकडे दोन एजन्सींनी एकाच मुलाचा बायोडाटा पाठवला, तर कमिशन कोणाचे यावरून वाद होतो आणि कंपनी त्या मुलालाच बाजूला ठेवते. पुष्कळ मुलांना हे कळतही नाही. "माझा बायोडाटा मला विचारल्याशिवाय कुठेही पाठवू नका, पाठवाल त्या कंपनीचे नाव कळवा," हे प्रत्येक एजन्सीला लेखी, म्हणजे व्हॉट्सॲपवर का होईना, सांगून ठेवावे. आपणही कोणत्या तारखेला कोणामार्फत कुठे अर्ज गेला याची वही ठेवावी. चाळीस पानी वही पुरे.

फोनवर काय बोलावे, असे मुली विशेष करून विचारतात. त्यांना वाटते, ठामपणे बोललो तर मिळणारी नोकरी जाईल. आम्ही त्या मुलालाच विचारले. तो हसून म्हणाला, "मामा, जो उमेदवार म्हणतो ना, कंपनीचे नाव, कामाचा पत्ता, हातात येणारा पगार आणि तुमच्या ऑफिसचा ईमेल लिहून पाठवा, त्याला आम्ही जास्त मान देतो. खोटे असतात ते तिथेच गळतात." म्हणजे एवढेच वाक्य पाठ करावे. लिहून आले की त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरून नंबर घेऊन खात्री करावी. पत्रात छापलेल्या नंबरवर करू नये, तो त्यांचाच असतो. वाक्य बोलल्यावरही समोरचा घाई करू लागला तर फोन ठेवून द्यावा. फोन ठेवणे हा उद्धटपणा नाही. आपल्या मुलींना मोठ्या माणसाचे बोलणे मध्येच तोडायचे नाही असे आपणच शिकवलेले असते. या बाबतीत ते विसरायला शिकवावे. मुलाखतीचा पत्ता लॉजचा किंवा कोणाच्या राहत्या खोलीचा असेल तर जाऊच नये, आणि पहिल्या मुलाखतीला घरचे कोणी तरी खालपर्यंत सोबत जावे.

मूळ कागदांविषयी आम्ही जरा जोर देऊन लिहितो. खाजगी एजन्सीला मूळ गुणपत्रिका किंवा जातीचा दाखला ठेवून घेण्याचे काही कारण नाही. आपला दाखला म्हणजे नुसता कागद नव्हे. १९५६ नंतर बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला १९९० चा कायदा यावा लागला, त्यासाठी किती मोर्चे निघाले हे जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. जात वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत कागद गोळा करताना काय होते हे तर प्रत्येक घराला माहीत आहे. आमच्या माहितीतल्या एका मुलाचे वैधता प्रमाणपत्र एका एजन्सीने "रुजू झाल्यावर देऊ" म्हणून ठेवून घेतले आणि मग ते परत देण्यासाठी तीन हजार मागितले. मुलगा आणि त्याचा भाऊ जाऊन बसले, आरडाओरडा केला, तेव्हा मिळाले. मागतील तिथे झेरॉक्स द्यावी आणि तिच्यावर कोणत्या कामासाठी दिली ते तारखेसह लिहावे.

याच दाखल्याच्या जोरावर चालणारा आणखी एक बाजार आहे, आणि तो आपल्याच वस्त्यांत चालतो. "अनुशेषाच्या जागा निघाल्यात, साहेब आपला आहे, रेल्वेत चिकटवून देतो." माणूस जयभीम घालूनच घरात येतो. दोन लाख, चार लाख मागतो. शेत विकून, गंठण मोडून पैसे दिल्याच्या हकीकती आम्ही किती ऐकल्या! सरकारी भरती जाहिरात, अर्ज, परीक्षा आणि गुणवत्ता यादी यातूनच होते. केंद्रीय लोकसेवा आयोग आणि स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांना अनुसूचित जातीच्या उमेदवाराला अर्जाचे शुल्कसुद्धा पडत नाही. स्पर्धा परीक्षांच्या मोफत प्रशिक्षणासाठी पुण्याची बार्टी आहे. जिथे अर्जाला पैसे नाहीत तिथे नियुक्तीला चार लाख कसे? पण आपल्या माणसाची अडचण वेगळी आहे. "वशिल्याशिवाय होत नाही" हे त्याने इतक्यांदा पाहिलेले आणि ऐकलेले असते, की वशिला विकणाऱ्यावर त्याचा चटकन विश्वास बसतो. त्याला नुसते भोळा म्हणून कसे चालेल?

सरकारही कधी कधी एजन्सीच्या दारी जाते. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला होता. आरक्षणाचे काय, हा प्रश्न तेव्हा गावोगाव विचारला गेला, आंदोलने झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. नोकरी एजन्सीच्या हातात गेली की बिंदुनामावली कोण तपासणार, हा प्रश्न मात्र त्या एका निर्णयाबरोबर संपलेला नाही.

खाजगी नोकरीत तर आडनावच आडवे येते. "आडनाव काय? गाव कोणतं? राहता कुठे?" असे एजन्सीची मॅडम सहज विचारते, ती वाईट हेतूने विचारते असे नाही, तिच्या फॉर्मवर रकानाच असतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वृत्तपत्रांतील जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले आणि २००७ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या साप्ताहिकात निष्कर्ष छापले. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश भरली. मुस्लिम नावांची त्याहूनही कमी. हे आम्ही मुलांना नाउमेद करण्यासाठी सांगत नाही. दहा ठिकाणांहून उत्तर आले नाही तर दोष आपल्यातच आहे असे समजून जो मुलगा खचतो, तोच अकराव्या गोड आवाजाला भुलतो. म्हणून हे माहीत असावे.

घरबसल्या कामांविषयी थोडक्यात लिहितो. टाईप करायला पाने देतात, करार करून घेतात, मग "चुका झाल्या, करार मोडला" म्हणून वकिलाच्या नावाची नोटीस पाठवून पैसे मागतात. ती नोटीस पाहून घाबरू नये, पैसे भरू नयेत, थेट १९३० ला कळवावे. टेलिग्रामवर व्हिडिओ लाईक करण्याचे दीडशे रुपये खरोखर जमा होतात, आणि मग पाच हजार भरायला सांगतात. आणि "तुझे बँक खाते वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो" असे कोणी म्हणाले तर ती नोकरी समजू नये. त्या खात्यातून दुसऱ्या कोणाचे लुबाडलेले पैसे फिरतात आणि पोलीस खातेदाराच्या दारी येतात. आपल्या पोरांना अशा प्रकरणात जामीन द्यायलासुद्धा माणूस मिळत नाही.

परदेशच्या नोकरीसाठी मात्र कायदा स्पष्ट आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने एजंटाला परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी सरकारच्या ईमायग्रेट पोर्टलवर पाहता येते. परवाना एजंटाच्या नावाचा असतो, त्याच्या वस्तीतल्या दलालाचा नसतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनेप्रमाणे सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि पावती द्यावी लागते. पर्यटक व्हिसावर "तिथे गेल्यावर बदलून देऊ" म्हणणाऱ्याबरोबर पाऊल टाकू नये. डेटा एंट्रीच्या नोकरीच्या नावाने थायलंडमार्गे म्यानमारमध्ये नेऊन कोंडलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. तिथे त्यांच्याकडून करवून घेत होते ते काम म्हणजे फोनवरून लोकांना फसवणे. म्हणजे आपल्या मुलीला फोन करणारा आवाज कधी कधी असाही कोंडलेला असू शकतो, या विचाराने आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही.

पैसे न घेता नोंदणी करणाऱ्या सरकारी जागा अजूनही आहेत. राज्याचे महास्वयम् पोर्टल आहे, केंद्राचे २०१५ मध्ये सुरू झालेले नॅशनल करिअर सर्व्हिस आहे, जिल्ह्याला रोजगार मार्गदर्शन केंद्र आहे. तिथून नोकरीचा पाऊस पडतो असे नाही. पण रोजगार मेळावे भरतात, आणि तिथे कंपनीचा माणूस समोर बसलेला दिसतो. त्या मुलीला आम्ही अशाच एका मेळाव्याला पाठवले. दोन ठिकाणी मुलाखत झाली, एका ठिकाणी पगार नऊ हजार सांगितला, तो तिने नाकारला. आईला ते पटले नव्हते. आम्हालाही सांगावेसे वाटले, की सुरुवात म्हणून घे. पण येण्याजाण्यातच तीन हजार जाणार होते, आणि तिचा हिशेब बरोबर होता. सध्या ती एका कर सल्लागाराकडे जीएसटीची बिले भरण्याचे काम करते, चौदा हजारांवर. बचत गटाचा हप्ता तीच भरते. फोन अजून येतात, परवा आमच्यासमोरच एक आला. तिने पाठ केलेले वाक्य म्हटले, पलीकडून फोन बंद झाला आणि ती पुन्हा चहा गाळू लागली.

तिच्याच सूचनेवरून विहारात एक टेबल मांडायचे ठरले आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी वंदनेनंतर बँकेतून निवृत्त झालेले एक बांधव, एजन्सीतला आमचा भाचा आणि ती स्वतः तिथे बसणार आहेत. कोणाला नोकरीचे पत्र आले असेल, फोन आला असेल, कोणी पैसे मागितले असतील, तर भरण्याआधी तिथे दाखवावे. भरून झाले असतील तरी यावे, कोणी रागावणार नाही. येताना मोबाईल आणावा, कागदांच्या फक्त झेरॉक्स आणाव्यात. मूळ कागद घरी पेटीतच राहू द्यावेत.